पाचवा आणि सहावा कागद

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो दगाजी नानांचा. सोनगीरच्या शाळेत ते आम्हांला चित्रकला शिकवत. यावलहून बदली होऊन एकटेच आलेले. पत्नी त्याआधीच वारल्या होत्या. आमच्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. नानांनी वडिलांना ओट्यावर बसवून समजावलं, म्हणून मी धुळ्याच्या कॉलेजात पोहोचलो.

त्यांची एक रीत होती. कुणी बैल काढला की म्हणत, "हा बैल लाकडाचा आहे का रे? आधी चालून दाखव, मग काढ." मग तो मुलगा हातापायांवर वर्गभर फिरे आणि नाना वाकून त्याची पावलं बघत. बाकीच्यांना म्हणत, "हसून घ्या. तुमचीही पाळी येणार आहे."

पदवीच्या शेवटच्या वर्षी, नव्वदच्या सुमारास, मी कॉलेजच्या संगणकावर एक साधा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर बारीक चौकोन भरून चित्र काढायचं, अशी बारा चित्रं साठवायची. ती भराभर एकामागून एक दाखवली की चित्र चालू लागे. चित्रं अर्थात नानांकडे मागितली. त्यांनी आलेखाचे बारा कागद पाठवले. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, बारा वेळा. कोण, ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

चौकोन मोजून मी ती भरली. बाई चालली, पण पाचव्या-सहाव्या चित्राला एकदम खाली जाई. मला वाटलं, वयामुळे नानांचा हात हलला असेल. त्या दोन चित्रांत मी तिला तीन चौकोन वर उचललं. आता ती झकास चालत होती. मी नानांना बोलावून घेतलं.

नाना इस्त्रीचा सदरा घालून एस.टी.ने आले. खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. मी बटण दाबलं. बाई दोनदा पडदा ओलांडून गेली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"हाई कोन शे?" नाना म्हणाले. माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलले नव्हते.

"तुम्हीच काढलीय, नाना. पाचव्या-सहाव्यात थोडी चूक होती, ती मी..."

"चूक?" ते पडद्याकडेच बघत होते. "मनी बायकोना डावा पाय आखूड व्हता. मी बठ्ठं मोजीसन काढेल व्हतं, भाऊ. तिले एकदा चालतांना पाहानं व्हतं."

बायकोचं चालणं त्यांनी सगळं मोजून काढलं होतं, आणि मी ते चूक समजून पुसलं होतं.  नानांनी टोपी घातली आणि चहाही न घेता ते स्टँडकडे निघून गेले. पडद्यावर ती परकी बाई चालतच होती.

आठ दिवसांनी मी हे पत्र पेटीत टाकलं:

"ती. नानांना सा. न.

तुमचे बाराही कागद माझ्याजवळ नीट आहेत. पाचवा आणि सहावा पुन्हा मोजला. या वेळी आधी चालून पाहिलं. डोक्यावर पुस्तकं ठेवून, डावा पाय आखूड धरून, कॉलेजच्या व्हरांड्यात. पोरं खूप हसली. डावा पाय टेकला की पाटी सावरायला उजवा हात वर जातो. तो हात तुम्ही काढला होता, मीच पाहिला नव्हता. आता सगळं तुमच्या कागदांप्रमाणे भरलं आहे. चालवून मात्र पाहिलेलं नाही. त्यांनी आधी तुमच्यासमोर चालावं. कधी येता?"