उतरलेला अल्बम

वहिनींनी फोनवर बजावून सांगितलं होतं, "भावजी, रविवारी या. पण तो नवा अल्बम पूर्ण ऐकून या हं. यांना त्यावर तुमच्याशी बोलायचंय." यात न कळण्यासारखं काय होतं? तरी मला कळलं नाही. मी पडलो अतिशहाणा.

दादा माझा मोठा भाऊ. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्हा दोघांत एक खोली होती, आणि भिंतीभर एकाच थ्रॅश मेटल बँडची पोस्टरं. मी नुसता ऐकायचो, दादा गिटारवर वाजवायचा. त्यांची सुरुवातीची गाणी इतकी सुसाट, की वाजवताना दादाची बोटं दिसायची नाहीत. मी मित्रांना दारात उभं करून दाखवायचो, "बघ, माझा भाऊ आहे!" दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मंदच राहिला. तेव्हापासून त्याची गिटार कपाटावर पडून होती.

फरीदाबादला त्याच्याकडे जाताना मेट्रोत मी त्याच बँडच्या या नव्या अल्बममधलं दीड गाणं ऐकलं, कंटाळलो आणि उरलेल्या वाटेत क्रिकेटच्या क्लिप बघत बसलो.

घरात शिरलो तर गिटार दिवाणावर. पुसूनबिसून ठेवलेली. मी ती बाजूला सारली आणि बसलो. हो, बाजूला सारली.

"कसा वाटला?" दादानं लगेच विचारलं.

"संपले यार ते, दादा. पहिले चार अल्बम, बास. नंतरचं सगळं पाट्या टाकणं."

"मला नाही तसं वाटत. नंतरच्यातही दम आहे. वेगळा आहे, इतकंच."

"डोंबलाचा दम! वेग कुठाय? हात चालत नाहीत तर गप घरी बसावं माणसानं. उतरलेला अल्बम आहे हा."

पुतणी दिल्लीकडेच वाढलेली, मराठी तिचं कच्चं. तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काका, उतरलेला मतलब?"

झालं, मला चेवच आला. "अगं, कालची आमटी बाहेर राहिली की आंबूस वास मारते ना? ती उतरलेली."

"तू पूर्ण ऐकलास का?" दादानं विचारलं.

"उतरलेलं वासावरून कळतं रे. चाखून कशाला बघायचं?"

पुतणी खो-खो हसली, मीही हसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

दादा उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं चोळत होता. खाली बघूनच म्हणाला, "चौथं गाणं हळू आहे. ते येतं मला वाजवता. अख्खं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं काय असतं, ते मला त्या दिवाणावर कळलं. "मग वाजव ना!" मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"आधी जेवून घे. पोळ्या गार होतायत."

जेवणं झाल्यावर त्यानं गिटारीला खोळ घातली. चेन लावायला त्याला वेळ लागला. मी मदतीला उठलोही नाही, कारण कुठल्या तोंडानं उठणार होतो? "माफ कर" एवढे दोन शब्द होते, तेही माझ्याच्यानं निघाले नाहीत. पुतणीशी परीक्षेबिरीक्षेबद्दल काहीतरी बोललो आणि निघालो.

परतताना मेट्रोत अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. खरं सांगायचं तर मला तो आजही बेताचाच वाटतो. पण चौथं गाणं मी परत परत लावलं. त्यात गिटारीचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो, आणि डोळे मिटले की दादाची बोटं दिसतात. एकेक बोट.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोन केला. "दादा, चौथं गाणं भारी आहे रे. येत्या रविवारी येतो. मला ऐकायचंय तुझ्याकडून."

"राहू दे रे," तो म्हणाला. रागावला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. "तुला वासावरूनच कळतं."