काचेच्या थाळीतला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही – त्याला ठाऊक असेलच, असं धरून तिथेही गप्प बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आणि चित्रं काढते – म्हणजे काढायचे. जलरंगात. खाडी, मिठागरं, होड्या. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात दर वर्षी माझी दोन चित्रं लागायची आणि लोक 'छान हं मॅडम' म्हणत चहाच्या टेबलाकडे जायचे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं इथूनच निघालं.

प्रणाली माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तळोज्याजवळच्या गावातली, वडील कारखान्यात पाळीवर जाणारे. ते आजारी पडले तेव्हा या मुलीने काय करावं? आमच्या प्रयोगशाळेतली मोठी काचेची थाळी घेतली, तीत जंतू वाढवायची जेली ओतली – चायनाग्राससारखी असते – आणि हॉस्पिटलात जाऊन वडिलांचा तळहात तीवर टेकवला. तीन दिवसांनी थाळीत हात उगवला. पिवळे, पांढरे, अंगठ्याशी जरा लालसर ठिपके. मधलं बोट अर्धंच. उरलेलं त्यांनी तरुणपणी मळणीच्या यंत्रात गमावलं होतं.

तिला ती थाळी प्रदर्शनात ठेवायची होती. चित्रांमध्ये! मी स्टाफरूममध्ये आकाशपाताळ एक केलं. ही कला कशी? ना रेघ, ना रंग, जंतू आपले आपण वाढले – यात हिचं कर्तृत्व काय? मग उद्या दह्याला विरजण लावणारी बाईही कलावंत म्हणवेल स्वतःला. सगळे हसले. पण प्राचार्य म्हणाले, ठेवू या. जागाही ठरली – माझ्या चित्रांच्या बरोबर खाली.

मग तिचे वडील गेले. प्रदर्शनाला अजून पंधरा दिवस होते. तिचा फोन आला.

"मॅडम, बाबांचा हात फ्रीजमदीच हाय ना? कार्य झालं का मी येते. तवर कोनाला उघडू नका देऊ."

"तू काळजी करू नकोस," मी म्हणाले.

आता जे सांगायचं आहे तिथे येते – येतेच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत हरीमामा शिपाई होते. वापरलेल्या थाळ्या दर शुक्रवारी मोठ्या कुकरात उकडायच्या, जंतू मारायचे, मग थाळ्या घासायच्या – हे त्यांचं काम. त्या शुक्रवारी मी आत गेले तर मामा फ्रीज उघडून प्रणालीच्या थाळीपुढे उभे. टोपी हातात. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "मानूस गेला, पन हात जिता हाय." तीस वर्षांत माझ्या एकाही चित्रापुढे कुणी टोपी काढली नव्हती.

मामा चहाला गेले. कुकर अर्धा भरून ठेवला होता. मी प्रणालीची थाळी फ्रीजमधून काढली, कुकरात ठेवली आणि वर दुसऱ्या थाळ्या रचल्या. माझ्या हातांनी. मामांनी येऊन झाकण लावलं, खालचा गॅस पेटवला. पाणी उकळायला वीस मिनिटं तरी लागतात. एक शब्द पुरला असता. मी तिथेच उभी होते, वाफ सुटेपर्यंत. आजवर हजारो थाळ्या उकडल्या असतील – कधी कुठल्या थाळीसाठी मी अशी उभी राहिले होते? ती कला नव्हती, तर मी एवढी कशाला जळत होते? उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर केलं.

कुकर उघडल्यावर मामांनी ती थाळी ओळखली. आत नुसतं गढूळ पाणी. "मी कवा टाकली ही?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी म्हणाले, "नजरचुकीने गेली असेल, मामा." त्यांनी ते खरं मानलं. माझं खोटं त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा खरं मानलं.

कार्य उरकून प्रणाली आली, तेव्हा मामा तिच्यापुढे हात जोडून रडले. तिनेच त्यांना धरलं. "ऱ्हाऊ द्या मामा, तुमी मुद्दाम नाय केलं." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. प्रदर्शनात माझ्या चित्रांखालचं टेबल रिकामं राहिलं. त्या वर्षानंतर तिने शिक्षण सोडलं; उरणजवळ द्रोणागिरीच्या कुठल्याशा गोदामात काम करते म्हणतात. मी पुन्हा ब्रश धरलेला नाही, पण त्याने काय होतं?

मागच्या महिन्यात मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माईक धरून म्हणाले, "एवड्या वर्सांत माज्या हातून एकच पाप झालं. एका पोरीच्या बापाचा हात मी उकडला." त्यांनी टोपी काढली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.