चंद्रभानच्या गालातला खर्रा आणि दातांवरचं कव्हर

हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणाऱ्या चंद्रभानच्या समोरच्या दोन दातांत फट होती. नुसती फट म्हणणं हा तिचा अपमान आहे. तिच्यातून ज्वारीचा दाणा अंग न चोरता जाऊ शकला असता. 'स' किंवा 'श' आला की तिथून शिट्टी वाजायची, आणि कापसाच्या हर्रासात साठ, सत्तर, सातशे यांच्यावाचून भागत नाही. "मी भाव सांगून राह्यलो का गाडीले सिग्नल देऊन राह्यलो, मलेच समजत नाई," असं तो स्वतःच म्हणायचा. लोकांनी हसायच्या आत आपण हसून मोकळं व्हावं, हा त्याचा बावीस वर्षांचा रिवाज.

२००८ साली मात्र हे हसू आटलं. दिवाळीच्या सुमाराला पहिला कापूस येतो, बैलबंडीची पूजा होते, शेतकऱ्याला दुपट्टा-नारळ मिळतं आणि मुहूर्ताचा हर्रास पुकारला जातो. तो मान चंद्रभानचा. पण बाजाराचे सभापती पुंडलिकराव मार्चमध्ये सहज बोलून गेले, "यंदा मुहूर्ताले टीव्हीवाले येणार म्हणते. आपल्या त्या नव्या पोराले, अंकुशले, उभं करून पाहू का? त्याचा आवाज साफ आहे."

चंद्रभान त्याच आठवड्यात बायकोला, रुख्माबाईला घेऊन वर्ध्याला दातांच्या डॉक्टर मयुरीबाईंकडे गेला. तारा लावायला तो तयार नव्हता. "सत्तेचाळीस वर्साचा माणूस, तोंडाले कुंपण घालून हर्रास बोलू?" तेव्हा बाईंनी दातांवर चपखल बसणारी पारदर्शक कव्हरं करायचं ठरवलं. दर पंधरा दिवसांनी नवं, आधीच्यापेक्षा जरा आवळणारं.

"काका, जेवताना काढायचं, बाकी वीस-बावीस तास तोंडात. दिवसा तुम्ही काढाल, विसराल. रात्रीचे सात-आठ तास मात्र सलग मिळतात. ते बुडाले तर दात सरकायचे नाहीत."

"झोपाचंच ना? त्यात आपला कोणी हात धरत नाई!"

एक गोष्ट तेवढी त्याने सांगितली नाही. चंद्रभान गालात खर्रा धरून झोपायचा. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती चिमूट उजव्या गालात बसली की दोन मिनिटांत घोरणं सुरू. आता खर्रा असला तर कव्हर नाही, आणि कव्हर असलं तर झोप नाही. पहिल्या रात्री त्याने कव्हर घालून पंख्याची पाती मोजली. तीनच होती, ती किती वेळ पुरणार? शेवटी कव्हर पेल्यात गेलं, खर्रा गालात गेला आणि चंद्रभान झोपेत गेला. पुढे रोज तेच.

महिन्याने बाईंनी कव्हर उजेडात धरलं. "काका, हे घालता ना?"

"रोज. झोपताना."

"मग पुढचं बसत का नाही? आणि हे तर कोरंच्या कोरं आहे."

रुख्माबाईला राहवलं नाही. "बाई, हे रोज घालते. पण पेल्यात!"

बाई हसल्या नाहीत. "असंच चालणार असेल तर आपण थांबवू. दिवाळीपर्यंत काही होणार नाही."

त्या संध्याकाळी रुख्माबाईने खर्र्याची पन्नी गव्हाच्या कोठीत तळाशी गाडली. चंद्रभान चार रात्री झोपला नाही. रुख्माबाईही झोपली नाही, कारण तो दर अर्ध्या तासाने विचारायचा, "जागी आहेस का?"

"आता झोपू देता का तुमचं कव्हर मीच घालू?"

पाचव्या रात्री तो थकून झोपला. हळूहळू जिभेलाही खर्र्याच्या जागी कव्हर चाचपायची सवय लागली. इतकी, की कव्हर दातांवर चढलं की चंद्रभानला जांभई यायची. दुपारी जेवून ते घातलं की तो बसल्या जागी कलंडायचा. दात सरकत होते, बाई खूश होत्या.

मुहूर्ताच्या दिवशी फट केसाएवढी उरली होती. तरी चंद्रभानचा धीर होईना. झाकलेलं बरं, म्हणून त्याने कव्हर चढवलं आणि बंडीवर उभा राहिला.

"बोला, एकतीसशे..." आणि जांभई आली. पुन्हा "एकतीसशे...", पुन्हा जांभई. समोर पुंडलिकरावांनी जांभई देत तोंडावर हात धरला, मग दोन व्यापाऱ्यांनी, मग कापूसवाल्या तानबाने. बैल तेवढे जागे होते. अंकुश दोन पावलं पुढे सरकला.

चंद्रभानने पाठ फिरवली, कव्हर काढून खिशात टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि छाती भरून ओरडला, "एकतीसशे साठ! एकतीसशे सत्तर!"

'साठ' साफ आला. 'सत्तर'ला अगदी बारीक शिट्टी वाजली. चंद्रभानने डोळे मिटून घेतले.

"हां!" तानबा म्हणाला. "आता वाटलं हर्रास सुरू झाला."

मंडळी हसली आणि भाव चढू लागला. अंकुश दोन पावलं मागे गेला.

टीव्हीवाले आलेच नाहीत. चंद्रभानला त्याचं वाईट वाटलं नाही. आले असते तर जिल्ह्याने त्याच्या जांभया पाहिल्या असत्या. कापूस उतरला, बंडी रिकामी झाली, लोक पांगले. बावीस तासांतले दोन उगाच बुडाले, असं म्हणत त्याने कव्हर धुतलं, दातांवर चढवलं आणि जरा टेकावं म्हणून बंडीवर आडवा झाला. अंकुशने येऊन ऊन लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर दुपट्टा टाकला, तेव्हा तो घोरत होता.