रूडीचं दिव्य

खंभातमध्ये अकीकाचे दगड घासणारी घरं पुष्कळ, पण मण्याला वेज, म्हणजे आरपार भोक, पाडणारी मोजकीच. रूडी त्यांतल्या परबत विंधाऱ्याची एकुलती लेक. मुलगा नाही म्हणून परबतने आपला सामता, वेज पाडायचं हत्यार, तिच्या हातात दिला. मणी लाकडी चिमट्यात आवळायचा, डाव्या हाताने करवंटीखाली सामता उभा दाबून धरायचा आणि उजव्याने कमान ओढायची. वरच्या मडक्यातून पाणी ठिबकत राहायचं आणि सामत्याच्या टोकाला जडवलेल्या हिऱ्याच्या कण्या दगड खात खाली जायच्या. अर्धा वेज या बाजूने, अर्धा त्या. मधोमध दोन्ही भेटले तर तो मणी, नाहीतर ठिकऱ्या. रूडीचे वेज भेटत.

तळशीच्या घरात ती सून होऊन आली ती याच गुणावर. तळशी आणि त्याचे दोन मुलगे, देवशी आणि खोडा, तिघेही घासणारे. वेज पाडून घ्यायला सासू मोंघीला मण्यांची टोपली घेऊन दुसऱ्याच्या ओसरीवर ताटकळावं लागे. रूडी आली आणि ते संपलं. पण म्हणून मोंघीच्या तोंडाला गोडी आली असं काही नाही.

"आमच्या नशिबी भोकं पाडणारी आली," शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणे. "एक दिवस घरालाही पाडील."

"घराला पाडायचं तर बा, तुमच्या जिभेचाच सामता लागेल," सासूला 'बा' म्हणणारी रूडी एकदा पदराआडून बोलून गेली. सगळी गल्ली हसली. मोंघी हसली नाही.

त्या हिवाळ्यात ओच्छवलाल शेठने लांबट लाल मण्यांचं मोठं काम दिलं. आफ्रिकेला जाणारा माल. कामासाठी नव्या कण्या जडवलेले आपले दोन सामतेही त्याने दिले. रूडी ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायची. एका सकाळी फडकं उलगडलं तर आत एकच.

घर उलथंपालथं झालं. धान्याच्या कोठीपासून चुलीच्या राखेपर्यंत सगळं धुंडाळलं. शेठचा मुनीम दारात येऊन सांगून गेला, "सामता मिळेपर्यंत काम बंद. आणि चोराच्या घरचा माल शेठ पुन्हा उचलणार नाहीत."

चोर हा शब्द गल्लीत पडला तो नेमका भलत्या वेळी. धाकट्या खोडाची सोयरीक धोलेऱ्याला ठरत आली होती. मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती.

"सामत्याची किंमत कोणाला कळते? विंधाऱ्याला," मोंघी ओसरीवर उभी राहून म्हणाली. "आणि विंधाऱ्याची पोर या घरात एकच आहे. बापाला नेऊन दिला असेल."

"बा, माझ्या बापाला चोरीचा सामता लागत नाही."

"मग कर दिव्य. सिकोतर आईसमोर हात घाल तेलात. खऱ्या हाताला आई जाळत नाही."

मोंघीला वाटलं होतं की सून रडेल, पाया पडेल, कबूल होऊन मोकळी होईल. रूडी म्हणाली, "करते."

तिला भीती वाटलीच नाही. लहानपणापासून तिने ऐकलं होतं, देवी आई खऱ्याला सांभाळते. समुद्रात बुडणारी गलबतं वर काढणारी आई, तिला एक हात सांभाळणं काय जड? उलट तिला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. पुन्हा या बाईचं तोंड उघडणार नाही.

परबतला निरोप गेला. तो पांढरा फेटा बांधून आला. लेकीला म्हणाला, "खरी आहेस ना?"

"खरी आहे, बापा."

"मग झालं तर."

अंगणात तीन दगडांवर कढई चढली. भगत घुमला, त्याने तेलात नाणं टाकलं. देवशी, तिचा नवरा, भिंतीला पाठ लावून जमिनीकडे बघत राहिला. रूडीने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि कमान ओढणारा हात मनगटापर्यंत तेलात घातला. नाणं तिने काढलं. काढून, नीट ओट्यावर ठेवलं. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो बंदरापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

भगताने हात पाहिला आणि नकाराची मान हलवली.

परबतने लेकीजवळ जायला पाऊल उचललं होतं. ते त्याने मागे घेतलं. फेटा उतरवून तळशीच्या पायांवर ठेवला. संध्याकाळी स्वतःचा सामता आणून शेठच्या पेढीवर भरपाई म्हणून दिला, आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "आपल्याला मूल नव्हतं, असं समज."

देवशीने कोरफड चिरून आणली. ती त्याने उंबऱ्यावर ठेवली आणि आत न येता निघून गेला.

हात सुजला, फुटला, वास मारू लागला. पण रूडीला त्याहून एक गोष्ट जास्त छळत होती. देवी आई खोटं बोलत नाही. मग आपणच घेतला असेल का? झोपेत? कोणी काही खायला घालून बुद्धी फिरवली? तिने डाव्या हाताने आपली पेटी दोनदा उपसली. लुगड्यांच्या घड्या झटकल्या. सामता कुठे ठेवला ते आपल्याला आठवावं म्हणून ती आईपुढे दिवा लावू लागली.

खोडाचं लग्न थाटात झालं. वरात परतून आली, ढोल थांबले, आणि नवी सून झीणी माप ओलांडून आत आली. दुसऱ्या दिवशी मोंघी एकटी मटकी निवडत बसली असता रूडी तिच्यासमोर गेली आणि डोकं जमिनीला टेकवलं.

"बा, मला माफ करा. मी कधी घेतला ते मला आठवत नाही. पण घेतला असेल."

मोंघी चक्क हसली.

"अगं वेडे! तू कशाला घेशील? खोड्याने विकला. ताडीवाल्याचं देणं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग मला तेलात का घातलंत?"

"तूच करते म्हणालीस. मी काय हात धरून घातला?" मोंघीने सुपातला खडा काढून बाहेर फेकला. "आणि पोराचं लग्न मोडलं असतं. तुझं तर होऊन गेलेलं होतं."

रूडीने देवशीला सांगितलं. त्याने विडी पेटवली. "मला वाटलंच होतं," म्हणाला. मग ती बापाच्या दारी गेली. परबतने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभा राहिला. "म्हणजे सिकोतर आई खोटी आणि तू खरी?" एवढंच विचारून त्याने कडी घातली.

जायला दुसरी जागा नव्हती. ती सासरी परतली.

हात बरा झाला पण बोटं एकमेकांना चिकटून त्यांचा एक आकडा झाला. काम तर शेठने पुन्हा सुरू केलेलं. मण्यांची टोपली तिच्यापुढे आणून ठेवताना मोंघीला जराही संकोच वाटला नाही. रूडीने त्या आकड्यात करवंटी अडकवून दाबायला आणि डाव्या हाताने कमान ओढायला शिकून घेतलं. पहिले कितीतरी मणी तडकले, आणि प्रत्येक तडकलेल्या मण्यागणिक तिने शिव्या खाल्ल्या. पुढे हात बसला. वर्षं गेली. तळशी दगडाच्या धुळीने खोकत खोकत गेला. घर तिच्या वेजांवरच चालत राहिलं, आणि गल्लीत तिचं नाव जळकी रूडी पडलं ते पडलंच.

मग मोंघीला अर्धांगवायू झाला. अर्धं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत राहिली. तिचं हागणंमुतणं रूडीनेच काढलं, डाव्या हाताने. कधी कुरकुर केली नाही. फक्त अधूनमधून म्हणायची, "बा, एकदा गल्लीत सांगा. मोठ्याने. बास."

मोंघी तोंड फिरवायची.

शेवटचा दिवस उन्हाचा होता. घरभर नातलग जमलेले. पायाशी खोडा, उशाशी झीणी. मोंघीला घरघर लागली आणि ती म्हणाली, "पाणी."

रूडी तांब्या घेऊन खाली बसली. "देते. आधी सांगा, सामता कोणी विकला?"

मोंघीने खोडाकडे पाहिलं. खोडाने मान खाली घातली. मोंघीचे ओठ हलले, आणि मग तिने ते घट्ट मिटून घेतले.

"भाभी, द्या ना," म्हणत झीणीने तांब्याला हात घातला. रूडीने तो ओढून घेतला आणि आपल्या मागे ठेवला. देवशी उभा राहिला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो पुन्हा भिंतीला टेकून बसला. खोडा तर हललाही नाही. आईने तोंड उघडलं तर काय निघेल याची त्याला तिच्या तहानेपेक्षा जास्त धास्ती होती.

दुपार कलायच्या आत मोंघी गेली.

मरणाऱ्या सासूला पाण्याचा थेंब न देणारी उलट्या काळजाची बाई म्हणून गल्लीने रूडीला नावं ठेवली. तेलाची गोष्ट कोणी काढली नाही. रूडीला वाटलं होतं, त्या दिवसानंतर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

सुतक फिटल्यावर ती कामाला बसली, तेव्हा झीणी शेजारी मणी निवडत होती. तिने भीतभीत विचारलं, "भाभी, दिलं असतं पाणी तर काय झालं असतं?"

"काही नाही," रूडी म्हणाली. "ती प्याली असती."