एक्सच्या जागी नऊ

त्या सरांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. फिरणारच!

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. भायखळ्याच्या तिच्या क्लासमध्ये महिन्याच्या चाचणीवरून पोरांच्या दोन बॅच पाडत. पहिलीला सर स्वतः शिकवायचे, दुसरीला कुणीही. पोरीची पहिली बॅच दोन मार्कांनी हुकली, आणि ती घोडपदेवला घरी येईपर्यंत रडत होती.

मी पेपर बघितला. वर एक्स वजा चार, खाली एक्सचं वर्गमूळ वजा दोन. सोपं रूप द्या. हिने वरच्याचे दोन कंस पाडले, वर्गमूळ वजा दोन आणि वर्गमूळ अधिक दोन. पहिला कंस खालच्याशी उडवला. उरलं वर्गमूळ अधिक दोन. तीन ओळींत खेळ खलास! आणि त्यावर लाल शून्य.

मी ब्लाउज शिवणारी बाई, पण शाळेत आम्हाला ताळा करायला शिकवलेलं. एक्सच्या जागी नऊ घातले. वर पाच, खाली एक, म्हणजे पाच. हिच्या उत्तरात तीन अधिक दोन, पाचच! मग शून्य कसलं? शिवण तशीच मशीनवर टाकली आणि तिला घेऊन क्लास गाठला.

"उत्तर बरोबर आहे हो ताई," सर म्हणाले, "पण मी शिकवलेली पद्धत नाही ही. वर-खाली वर्गमूळ अधिक दोनने गुणायचं, मगच छेदातलं मूळ जातं."

"गेलंच की! तुमच्या सहा ओळी, हिच्या तीन. चुकलं कुठे ते दाखवा."

"मी शिकवतो तसंच लिहायचं. बाकीचं मी तपासत नाही."

म्हणजे हे तपासणार नाहीत आणि शिक्षा माझ्या पोरीला! वा रे न्याय! मी तोंडाला येईल ते बोलले. मार्क काही मिळाले नाहीत. पोरं टकामका बघत होती, मुलगी माझा हात ओढत होती. जिना उतरताना मीच दमून म्हटलं, "जाऊ दे गं, ते म्हणतात तसं लिही."

पुढच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले, पहिली बॅचही मिळाली. मी शेजारीपाजारी शिरा वाटला.

मग एका दुपारी तिच्या वहीत तसलंच गणित दिसलं. एक्स वजा नऊ, खाली वर्गमूळ वजा तीन. ती गुणाकार करत बसली होती.

"अगं, तुझ्या पद्धतीने कर की. तीन ओळींत होईल."

तिने खरंच गोंधळून माझ्याकडे बघितलं. "माझी कुठली?"

सरांना मी अजून शिव्या घालते. पण जिन्यातलं ते वाक्य मी बोलले होते, सर नव्हे.