झाकणावरचा मराठी चार

बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीच्या झाकणावर मी एकदा मराठी चार काढला. तशी चुकांच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही. लग्नात डोक्यावरचा पदर इतका पुढे ओढलेला होता की नवऱ्याला भरवायचा घास मी धाकट्या दिरांच्या तोंडापुढे धरला. नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्ग चुकला आणि बी.कॉम.च्या मुलांना पाऊण तास शेवाळ शिकवलं. ती बिचारी वह्यांत उतरवूनही घेत होती. या गोष्टी मी नातवंडांना रंगवून सांगते. चाराची गोष्ट सांगत नाही. ती इथे लिहिते.

मराठी चार वर उघडा असतो आणि खाली त्याला गाठ असते. घाईत काढला की वरची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि ज्याला मराठी येत नाही त्याला तो सरळसरळ इंग्रजी आठ दिसतो. माझा हात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाटीवर घडलेला. डाळीच्या डब्यांवर, दुधाच्या कॅलेंडरवर, पेपर तपासताना समासातसुद्धा मी मराठीच आकडे टाकायचे. त्याचा मला अभिमान होता. आता त्या अभिमानाचं लोणचं घालते म्हटलं तरी बरणीवर आकडा टाकायची मला भीती वाटते.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि नंदुरबारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नात म्हणते, "आजी, त्रेपन्न म्हणजे काही तरुण नाही." पण ज्या बाईला आपल्याला सगळं येतं असं वाटतं ती तरुणच असते, मग वय काही का असेना. त्या तरुण बाईकडे पीएचडीला एकच मुलगी आली, पहिली आणि शेवटची. धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलायची, माझ्याशी मात्र पुस्तकातलं मराठी. इतकं नीटनेटकं की माझ्या बोलण्यात घुसलेली अहिराणी मी तिच्यासमोर आवरून धरायचे.

तिचा विषय तिच्या घरामागूनच आलेला होता. इथे सपाटीवर मिरचीला कोकडा पडतो. पानं आवळून वाटीसारखी होतात, झाड खुजं राहतं, शेतंच्या शेतं हातची जातात. पण तिच्या आईनं मोरीच्या पाण्यावर वाढवलेलं एक झुडूप कधीच कोकडलं नव्हतं. त्या झुडपाच्या अंगात असं काय आहे, एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी आम्ही बारा झाडं घेतली. अकरा सपाटीवरची, एक आईचं. आईच्या झाडाचा नंबर आठ. चार नंबरचं धानोऱ्याजवळच्या एका शेतातलं, सगळ्यांत जास्त कोकडलेलं. प्रत्येकाच्या पानातून डीएनए काढायचा, त्यातल्या एका जनुकाच्या प्रती करायच्या आणि बारा नळ्या परराज्यातल्या प्रयोगशाळेला पाठवायच्या. ते लोक त्या जनुकातली अक्षरं एकेक करून वाचून देतात. कुठल्या झाडाचं अक्षर वेगळं निघतं ते आपण पाहायचं.

नळ्या पाठवायच्या दिवशी सकाळी आई फार आजारी असल्याचा निरोप आला आणि ती पहिल्या एसटीनं निघाली. नंबर तिनं आदल्या दिवशीच निळ्या पेनानं, इंग्रजीत, प्रत्येक झाकणावर घातले होते. मला फक्त खोक्यात बर्फ भरायचा होता. एवढ्यासाठी मी पांढरा कोट घातला. शिपायाकडून त्या कोटातला फोटो काढून घेतला. फोटोसाठी हात जरा ऐटीत उचलला आणि स्पिरिटची बाटली कलंडली. एका झाकणावरचा निळा चार धुऊन गेला. मी म्हटलं, त्यात काय. काळा पेन घेतला, चार काढला आणि ती नळी शेवटच्या रिकाम्या खाचेत बसवली.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. दोन आठ आले आहेत, चार नाहीच. फोटो मेलवर टाकलाय, बघून सांगा, असं तो माणूस अदबीनं म्हणाला. मी कळण्याच्या भाकरी थापत होते, हात पिठात. मेल उघडायचा कंटाळा केला. तेव्हाच्या मला वाटलं, चार आठाच्या आधी येतो, तेव्हा रांगेत जो आधी आहे तो चार. हे मी त्याला इंग्रजीत, फार रुबाबात सांगितलं. भाकरी उलटायच्या आत माझा निकाल लागला होता.

तिला विचारायचं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण तिच्या पाड्यावर रेंज नाही. फोनसाठी शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागतं. आई आजारी असताना पोरगी कशाला टेकडी चढेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर, स्पिरिट सांडल्याचं तिला कळायला नको होतं.

आई त्याच आठवड्यात गेली. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा निकाल आला होता. अकरा झाडांचं जनुक एकसारखं आणि आठ नंबरचं एका अक्षरानं वेगळं. तिनं तो कागद आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला, पुन्हा वाचला. पुन्हा एकदा तपासून घेऊ का, असं तिनंच विचारलं होतं. मी म्हटलं, ते पुढच्या पेपरात. पुढे उन्हाळ्यात कॉलेजचा फ्रीज बंद पडला आणि उरलेलं सगळं नासलं. वर पाड्यावर घरकुलाचा पाया खणताना आईचं झुडूप उपटलं गेलं, धानोऱ्याचं शेत तर केव्हाच नांगरून झालं होतं. राहिला तो कागद.

त्या कागदावर तिनं तीन वर्षं काढली. पेपर स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध घेणार नाही, असा तेव्हा विद्यापीठाचा नियम होता. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. शेवटच्या महिन्यात आम्ही माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून हस्तलिखित जुळवलं. गावाबाहेर माळावरच्या पथारीवर मिरच्या वाळत होत्या आणि वाऱ्याबरोबर त्यांचा खाट, तो नाकाला झोंबणारा ठसका, घरात यायचा. ती एका हातानं पदर नाकाला लावून दुसऱ्या हातानं टंकलेखन करायची. नियतकालिकाच्या अटी सासूपेक्षा वाईट. आकृत्यांतल्या रेषांची जाडी एवढीच, संदर्भात स्वल्पविराम इथेच, सारांश अडीचशे शब्दांचा, अडीचशे एक झाला की पडद्यावरची चौकट लाल व्हायची. एक ओळ काढावी तर दुसरी लंगडी पडायची. संपादकाला लिहायचं पत्र तिनं नऊ वेळा लिहिलं आणि मी नऊ वेळा बदललं. शेवटी पहिलंच ठेवलं.

आमचे हे खिडकीपाशी बसून हा सोहळा बघत. एकदा न राहवून म्हणाले, "मिरचीले कोकडा व्हस, हाई आख्खा गावले माहीत शे. तुम्ही त्यान्हा पेपर काढी ऱ्हायनात." ती खळखळून हसली. मला वाटतं त्या महिन्यात तेवढीच एकदा.

शेवटी आभार लिहायची वेळ आली. माझं नाव तिनं आधीच घातलं होतं, मी न सांगता. त्याखाली एक ओळ होती: आठ नंबरचं झाड ज्यांनी लावलं आणि जगवलं त्या माझ्या आईचे. पुढे आईचं पूर्ण नाव. ते नाव इंग्रजीत कसं लिहायचं यावर ती बराच वेळ अडून बसली, कारण ते कुठल्याच कागदावर नीट लिहिलेलं नव्हतं. रेशनकार्डावर एक, मतदार यादीत दुसरं. आई स्वतः काय म्हणायची ते तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि तसं लिहिलं.

सगळं झालं. पाठवायचं बटण तेवढं बाकी होतं. ते दाबण्याआधी यंत्रानं प्रयोगशाळेकडून आलेल्या मूळ फायली मागितल्या. त्या माझ्या मेलवर होत्या. ती चहा ठेवायला आत गेली होती. शोधता शोधता मला तीन वर्षांपूर्वीचं, कधीच न उघडलेलं ते पत्र सापडलं. त्यात खोक्याचा फोटो होता.

रांगेत आधी होता तो निळा, तिच्या हातचा, चांगला गोल इंग्रजी आठ. शेवटच्या खाचेत माझा काळा मराठी चार, टोकं भिडलेला. मी आधीच्याला चार म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तिच्या आईचं झाड चार म्हणून वाचलं गेलं होतं आणि धानोऱ्याचं आठ म्हणून. ते एक वेगळं अक्षर सगळ्यांत जास्त कोकडलेल्या झाडाचं होतं. आईच्या झाडात वेगळं काहीच सापडलं नव्हतं.

चहा घेऊन ती आली तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि नेट गेलं म्हणून सांगितलं. नेट गेलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. ती सकाळी यायची, समोर बसायची, नेट आलं का विचारायची आणि मी राउटरवर थापट्या मारायचे नाटक करायचे. दोन दिवस मी निर्जीव डब्याला मारत होते. ह्यांना सांगितलं तर ते खालच्या आवाजात म्हणाले, "दोन्ही झाडं मरी गयात. आते कोन इचारनार शे?" त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नाही. ती पोरगी त्यांच्या हातचे पापड खाऊन गेलेली होती. आणि माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी ते अहिराणीत म्हणायला धजत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी तिला फोटो दाखवला. स्पिरिट, पेन, फोन, भाकरी, सगळं सांगितलं. तिनं फोटो मोठा केला. दोन्ही झाकणं पडद्यावर ताटाएवढी झाली. बाहेर कुणीतरी शिंकत होतं. तिनं एवढंच विचारलं की ते अक्षर मग धानोऱ्याच्या झाडाचं ना. मी हो म्हटलं. मग मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हटलं, तू ठरव. हाही माझाच पराक्रम: चूक मी करायची, तोंड देताना खुर्ची तिच्याकडे सरकवायची.

तिला ठरवायला फार वेळ लागला नाही. तिनं हस्तलिखिताची फाईल काढून टाकली. यंत्रानं विचारलं, नक्की काढायची का. तिनं हो म्हटलं. आभाराची ओळ तेवढी वेगळी काढून तिनं स्वतःच्या मेलवर पाठवली, पिशवी उचलली आणि दुपारची धडगाव गाडी गाठायला निघाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती जाताना चहाचे कप विसळून गेली.

मी विद्यापीठाला लिहिलं की चूक सर्वस्वी माझी आहे. उत्तर दोन ओळींचं आलं: मार्गदर्शकाच्या चुकीसाठी मुदतवाढीची तरतूद नाही. महिना संपला, नोंदणी गेली. पुन्हा नोंदणी करण्याविषयी मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती पाहू म्हणाली, आणि आमच्या भागात 'पाहू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. आता ती एका आश्रमशाळेत तासिकांवर शिकवते, पाचवी-सहावीला. मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझा पांढऱ्या कोटातला तो फोटो मोठा करून लावला होता. सगळे म्हणाले, काय रुबाब.

मी निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात ती माझी पुस्तकं परत करायला आली. सगळ्यांना नव्यानं खाकी कव्हरं घातलेली होती. पुस्तकं ठेवून घे, असं मी म्हटलं; आता काय कामाची, असं ती म्हणाली नाही, पण पिशवी परत उचललीही नाही. आम्ही त्याच टेबलावर बसलो. मिरचीचा खाट तसाच येत होता. चहा निवत चालला. मग इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते ते मी तिला सांगितलं. म्हटलं, बेटा, तो फोन आला तेव्हा मी तुला विचारलं असतं गं, पण तुमच्या पाड्यावर रेंज नसते ना.

तिनं कप बशीवर ठेवला. आणि त्याच नीटनेटक्या, पुस्तकातल्या मराठीत म्हणाली:

"मॅडम, नळ्या पोचल्याचा तुमचा फोन येईल म्हणून आईनंच मला रोज टेकडीवर पाठवलं होतं. तिथे रेंज होती. तुमचा चार मला वाचता आला असता."