दिसतंय की

उघडा तळहात डोक्यावर उंच धरायचा आणि सावकाश मूठ मिटायची. एवढं केलं की काकांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट थांबायला पाहिजे. चाळीस पोरं थांबायची. मैदानात घुसलेली एक म्हैसही एकदा थांबली होती, ते मी स्वतः पाहिलंय.

त्यांची दुसरी खूण म्हणजे दोन शब्द. "काका, कळलं का?" म्हणून विचारा. "दिसतंय की." "काका, मॅडमनी काय सांगितलं, ऐकलं का?" "दिसतंय की." तुम्हीही माझ्यासारखेच हसला असता.

आमचा कोर्स म्हणजे क्रीडा आणि मनोरंजनाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कॉलेजच्या मागे पत्र्याच्या खोलीत भरायचा. बारावीत आपटलेले, पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेले असे आम्ही तेवीसजण. मी वळसंग गावची. कबड्डीत गुडघा घालवून बसलेली आणि त्याचा राग रोज एसटीच्या कंडक्टरवर काढणारी. त्यात हा बावन्न वर्षांचा माणूस. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना शिपाई समजून पाणी मागितलं. त्यांनी मुकाट्याने जग भरून आणला, सगळ्यांना दिला आणि शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. त्यानंतर कोर्सभर आम्ही त्यांना काकाच म्हणायचो.

मॅडमनी हजेरीच्या क्रमाने जोड्या लावल्या आणि काका माझ्या वाट्याला आले. वर्षभर प्रत्येक प्रात्यक्षिक दोघांनी मिळून करायचं. मी दोन दिवस तोंड फुगवून होते.

तिसऱ्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारताना त्यांच्या बुटाची लेस सुटलेली दिसली. मी मागून तीनदा ओरडले. माणूस आपला पळतोय. शेवटी पुढे जाऊन अडवलं तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, ओठांकडे पाहिलं. "लेस व्हय? दिसतंय की." ते खाली वाकले. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन म्हणाले, "काका, तुमी बहिरे हाय का?" ते शांतपणे गाठ मारत राहिले. आज हे लिहितानाही मला माझीच लाज वाटते.

मग समोर बसून तेच विचारलं. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होतो. माग चालू झाले की बोलायचं हातानं, ऐकायचं डोळ्यानं. सवय झाली. कान कधी गेले तेच कळलं न्हाय की."

तळहाताची ती मूठ तिथलीच होती. माग बंद कर, असा तिचा अर्थ. कारखाना बंद पडला आणि काकांना वाटलं, सगळं आयुष्य पत्र्याखाली गेलं, आता उरलेलं उघड्यावर घालवायचं. शहराच्या पूर्वभागातल्या त्यांच्या घराजवळच्या एका शाळेने कबूल केलं होतं, हे प्रमाणपत्र आणा आणि मैदान सांभाळा, पोरांचे खेळ घ्या. म्हणून हा सगळा खटाटोप. प्रवेशाच्या फॉर्मवर 'ऐकण्यात काही दोष?' असं विचारलं होतं, तिथे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं.

"मॅडमला सांगू नको," ते म्हणाले. "शिट्टी वाजली की तू नुसता हात वर कर. मी बघतो."

मी हो म्हणाले. दया आली म्हणून नव्हे, गुपित मिळालं याचा रुबाब वाटला म्हणून.

सात-आठ महिने आमचं छान जमलं. मी नेहमी त्यांच्या समोर उभी राहायची. शिट्टी वाजली की माझा हात वर, आणि काका सगळ्यांच्या आधी थांबलेले. "लक्ष कसं असावं ते यांच्याकडून शिका," मॅडम आम्हाला सांगायच्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि हसू दाबायचो. शेजारच्या शाळेची पोरं सरावासाठी यायची, ती तर काकांवर खूश. दोन बोटं फिरवली की गोल करा, हात आडवा केला की बसा. शिट्टी त्यांच्या गळ्यात नुसती शोभेला होती.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी गोळाफेकीचा सराव होता. लोखंडी गोळा, मोठ्या वर्गाची मुलं. मुलगा वर्तुळाबाहेर पाय टाकतो का ते बघायचं आणि 'टाक' म्हणायचं, हे काकांचं काम. म्हणजे त्यांची नजर पायांवर. मॅडम दूर, गोळा पडतो त्या बाजूला. मी मध्ये, काकांच्या समोर; 'टाक' म्हणण्याआधी ते एकदा माझ्या हाताकडे बघायचे.

शेजारी कबड्डी चालली होती. चढाई करणाऱ्याचा पाय सरळसरळ रेषेबाहेर गेला आणि पंच म्हणून उभा केलेला आमचाच एकजण ढिम्म. मला राहवलं नाही. मी वळले आणि ओरडले, "ए आंधळ्या, पाय बाहेर गेलाय की त्याचा!"

तेवढ्यात मागे शिट्टी वाजली.

सहावीतली एक मुलगी पडलेली खुणेची झेंडी उभी करायला धावत आत गेली होती. मॅडमनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. मी वळेपर्यंत काका "टाक" म्हणाले होते आणि गोळा मुलाच्या हातातून सुटला होता. तो हवेत असताना मी नुसती बघत राहिले. गोळा मुलीच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतला. तिला काही कळलंच नाही. तिने झेंडी रोवली, आमच्याकडे बघून हसली आणि परत पळाली.

मॅडम धावत आल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "शिट्टी ऐकू नाही आली तुम्हाला?"

"चूक माझी," काका म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका वर्गात आले ते सरळ माझ्याकडे. "चल. मॅडमकडं जायचंय. त्या काय म्हणतात ते ऐकायला कुणीतरी पाहिजे की."

हे आता सगळं सांगणार, मी हात वर करायचा होता तेही सांगणार, आणि माझीही परीक्षा गेली. त्या खोलीपर्यंतची वीस पावलं मी कशी चालले ते मलाच ठाऊक.

काकांनी उभ्यानेच सांगितलं. कान गेलेत. फॉर्मवर खोटं लिहिलं. काल पोरगी वाचली, पण रोज वाचणार न्हाय. बस. माझं नाव नाही, हाताची गोष्ट नाही.

मॅडमनी त्यांचा फॉर्म काढला. त्याच्याकडे बघत, मान खाली घालूनच त्या बोलल्या, "मी तुम्हाला परीक्षेला बसवू शकत नाही. पुढच्या वर्षी खरं लिहून या, मी स्वतः तुमच्यासाठी भांडेन. यंदा नाही."

काका मान हलवून बाहेर पडले. व्हरांड्यात थांबले आणि माझ्याकडे वळले.

"काय म्हणाल्या?"

मॅडमचे ओठ त्यांना दिसलेच नव्हते. निकाल मलाच सांगायचा होता, आणि तोही सावकाश, त्यांच्या तोंडाकडे बघून. मी म्हणाले, "यंदा न्हाय म्हणाल्या, काका. पुढच्या वर्षी." ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. वाक्य संपल्यावरही थोडा वेळ बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी शेजारच्या रस्त्यावर मिरवणूक होती. डीजेने वर्गाचे पत्रे थरथरत होते. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसलेले आणि शेजारच्या शाळेची ती चाळीस पोरं मैदानभर पळतायत. शिट्टीवर थांबवून त्यांच्या रांगा करायच्या, एवढंच होतं. मी शिट्टी फुंकली. एकालाही ऐकू गेली नाही. परत फुंकली. दोघं एकमेकांवर आपटले. परीक्षकांनी लिहायला पेन उचललं.

तेवढ्यात परीक्षकांच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीवरून एक तळहात वर आला. उघडा. मग सावकाश मूठ मिटली.

मीही हात वर केला आणि मूठ मिटली. चाळीस पोरं जागच्या जागी थांबली.

"वा! शिट्टीवाचून! हे तुम्ही बसवलंत?" परीक्षकांनी कानाशी येऊन विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून.

सुटल्यावर धावत फाटकाबाहेर गेले. काका सायकल धरून उभे होते. खूश दिसत होते, खोटं कशाला सांगू.

"ती शाळा थांबायला तयार न्हाय," ते म्हणाले. "जागा रिकामी हाय. तू जा. मैदान चांगलं हाय, कडेला कडुलिंब हाय. मी टेंभुर्णीला जातोय, पोराकडं."

मी गेले. आज तिसरं वर्ष, ते मैदान माझ्याकडे आहे. गोळाफेक चालू असताना शेजारी काहीही होवो, मी वळून बघत नाही. मॅडम दर जूनला काकांच्या अर्जाची वाट बघतात. तो आलेला नाही.

पण त्या दिवशी फाटकाबाहेर मी शेवटी बोलले. त्यांच्या समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून. "काका, त्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा माझी पाठ होती. मी कबड्डी बघत होते."

त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत माझे ओठ पाहिले.

"दिसलं होतं की."

"मग मॅडमना का न्हाय सांगितलं?"

"दोघांनी घरी बसून काय करायचं होतं?" असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग मारली.

मला रडू फुटलं. ते कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा कुठे मी हाक मारली. "काका!" मग आणखी एकदा, मग गळा फाटेपर्यंत. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. काका नीट, डाव्या कडेने, सावकाश चालवत गेले. मागून त्यांना हाक ऐकू जात नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी मी ओरडतच होते.